घरात भाजी नाही, मग जेवायला काय? सिल्लोडकडच्या घरांनी डब्यांतून शोधलेलं उत्तर

मे महिन्याचा शेवट. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि बाजारात पालेभाजीचा भाव विचारून लोक पुढे निघतात. फ्रीज उघडला तर दोन कांदे आणि अर्धं लिंबू. शहरात अशा वेळी मोबाईल काढून जेवण मागवलं जातं. सिल्लोड तालुक्यातल्या गावात मात्र फोडणी बसते आणि अर्ध्या तासात भाकरी, झणझणीत आमटी आणि कोरडी चटणी ताटात येते. एकही ताजी भाजी न वापरता.

याला आपण ‘काहीच नव्हतं म्हणून केलेलं जेवण’ म्हणतो. पण शेंगोळे, येसराची आमटी, डुबुकवड्या, वरणफळं हे पदार्थ आज हॉटेलवाले ‘गावरान थाळी’ म्हणून विकतात. म्हणजे चवीत ते कुठेच कमी नाहीत. मग डब्यातल्या कोरड्या वस्तूंमधून ही चव येते कशी? त्या टिकतात कशा? आणि टिनचा डबा, ताज्या भाजीविना आठवडा किंवा रूमवरचा एकच गॅस अशा परिस्थितीत त्यातून काय करता येईल? समजून घेऊ.

सिल्लोड आणि साठवणीचा संबंध काय?

सिल्लोड हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते साधारण ६५ किलोमीटरवर लागतं. याच रस्त्याने पुढे गेलं की अजिंठा येतं. तालुका हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. शिवना, आमठाणा या भागातून मिरची गाड्या भरून बाहेर जाते. मका आणि कापूस ही इथली दुसरी मोठी पिकं.

पण बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर आहे. पावसाळा आणि हिवाळ्यात भाजी मुबलक असते, उन्हाळ्यात ती पाण्याबरोबर आटते. ही दरी भरून काढायला घरांनी एक सोपी पद्धत बसवली. ज्या दिवसांत भाजी, डाळ, मिरची भरपूर आहे त्या दिवसांत ती घ्यायची आणि मार्च ते मे या उन्हात वाळवून ठेवायची. इथला उन्हाळा चाळिशी पार करतो आणि हवा कोरडी असते. दमट कोकणात जे वाळायला चार दिवस लागतील ते इथे दोन दिवसांत कडकडीत होतं. ज्या उन्हाने भाजी संपते, तेच ऊन पुढच्या वर्षाची भाजी तयार करतं.

सिल्लोड मराठवाड्यात असलं तरी खानदेश आणि विदर्भाची हद्द जवळ आहे. त्यामुळे इथल्या डब्यांत तिन्हीकडचं सापडतं. मराठवाड्याचा येसर, खानदेशाच्या बिबड्या आणि शेव, विदर्भाकडची पाटवडी.

डब्यांत नेमकं काय असतं?

घरागणिक फरक पडतो, पण ढोबळ यादी अशी:

- पिठं आणि धान्य: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, बेसन, हुलग्याचं (कुळथाचं) पीठ
- डाळी आणि कडधान्य: तूर, हरभरा, मूग, मटकी, चवळी, वाटाणा
- वाळवण: सांडगे, मुगवड्या, कुरडया, पापड, बिबड्या, शेवया
- वाळवलेल्या भाज्या: हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, गवार, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या काचऱ्या
- तेलबिया: शेंगदाणे, तीळ, कारळ, जवस, सुकं खोबरं
- मसाले: लाल मिरची, काळा मसाला, येसर, धणे, जिरं, हळद, हिंग
- आंबट आणि गोड: चिंच, आमचूर, लोणचं, गूळ
- खोलीत टिकणारं ताजं: कांदा, लसूण, बटाटा

यादीतला कमी माहितीतला शब्द म्हणजे येसर. ज्वारी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं, सुकी मिरची, खोबरं आणि गरम मसाले हे सगळं वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळलं की येसर तयार होतो. प्रमाण प्रत्येक घराचं आपलं. मसाला आणि आमटीला दाटपणा देणारं पीठ, दोन्ही एकाच डब्यात.

हे महिनोन्‌महिने टिकतं कसं?

अन्न खराब करणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. त्यातही पदार्थातलं ‘मोकळं’ पाणी महत्त्वाचं. शास्त्रज्ञ ते ० ते १ अशा मोजपट्टीवर मोजतात. ताज्या भाजीत ते १ च्या जवळ असतं. हा आकडा ०.६ च्या खाली गेला की कोणताही जिवाणू किंवा बुरशी वाढू शकत नाही. सांडगा बोटांनी मोडल्यावर ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत वाळवायचा, हा घरातला नियम हेच काम करतो.

लोणच्याचा मार्ग वेगळा. तिथे पाणी काढून टाकत नाहीत. मीठ ते पाणी धरून ठेवतं, कैरी-लिंबाचा आंबटपणा जिवाणूंना रोखतो आणि वरचा तेलाचा थर हवा अडवतो. म्हणून लोणच्यात ओला चमचा घालू देत नाहीत.

टिनच्या डब्याचा मार्ग तिसरा. अन्न डब्यात भरून तो हवाबंद करायचा आणि मग इतका तापवायचा की आतले जिवाणू मरतील. हे तंत्र फ्रान्सच्या निकोला अपेरने आधी काचेच्या बरण्यांत बसवलं. फ्रेंच सरकारने त्यासाठी त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. १८१० मध्ये इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. आज कमी आंबट पदार्थांचे डबे साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास दाबाखाली तापवतात, कारण काही जिवाणूंची बीजं साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यामुळे घरी बरणीत भाजी उकळून बंद करून ठेवणं म्हणजे कॅनिंग नव्हे. तो प्रयोग करू नये.

चव येते कुठून?

ताज्या भाजीत रस, रंग, करकरीतपणा आणि वास हे सगळं आयतं असतं. कोरड्या डब्यांत ते एकत्र मिळत नाही, वेगवेगळ्या डब्यांतून आणून जुळवावं लागतं. म्हणून या जेवणात पदार्थाच्या नावापेक्षा पुढची पाच कामं लक्षात ठेवली तर जास्त उपयोग होतो.

१. आधार: पोट भरणारी वस्तू. डाळ, बेसन, हुलग्याचं पीठ, सांडगे.

२. स्निग्धता: शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं. पातळ आमटीला अंग येतं ते यामुळे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं.

३. भाजलेली चव: कोरडी वस्तू भाजली की तिला नवा वास येतो. कच्चं बेसन आणि भाजलेलं बेसन यांच्या वासातला फरक आठवा. सांडगे आधी तेलात परततात, खोबरं काळपट होईपर्यंत भाजतात, ते याचसाठी.

४. आंबट: चिंच, आमचूर, लोणच्याचा खार. डाळीची आमटी ‘मचमचीत’ लागत असेल तर बहुतेक वेळा मीठ नाही, आंबट कमी पडलेलं असतं. आंबटाबरोबर सुपारीएवढा गूळ टाकला की चव सारखी होते.

५. कुरकुरीत: पापड, कुरडई, बिबडी, कच्चा कांदा. ताटात सगळं मऊ असेल तर चार घासांत कंटाळा येतो.

पाचपैकी एक जरी राहिलं तरी जेवण ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं. पाचही जमले तर भाजी नसल्याचं लक्षातही येत नाही.

डब्यांतून होणारे सहा पदार्थ

१. पिठलं. सगळ्यात झटपट. १ वाटी बेसनाला ३ ते साडेतीन वाट्या पाणी. तेलात मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, मिरची किंवा तिखट, हळद. फोडणीत पाणी घालून उकळी आणायची. बेसन थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं, सतत हलवायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं वाफ द्यायची. कच्चट लागणारं पिठलं म्हणजे ही वाफ कमी पडली. पाणी कमी करून कोरडं केलं की झुणका.

२. येसराची आमटी. १ लिटर पाण्याला साधारण ४ मोठे चमचे येसर. आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा, थेट उकळत्या पाण्यात टाकला तर गाठी होतात. जिरं-लसणाची फोडणी, त्यात हे पाणी, चवीला मीठ आणि चिंच, मग १० मिनिटं उकळी. लग्नाच्या पंगतीत ही आमटी पातेलीच्या पातेली लागते. आदल्या दिवशीची भाकरी कुस्करून खायला हिच्यासारखी दुसरी नाही.

३. शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करायच्या आणि टोकं जोडून कडी करायची. फोडणीचं पाणी खळखळ उकळू लागलं की एक-एक सोडायची. १५ ते २० मिनिटं शिजवायचं. शेंगोळ्याचं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. वेगळी भाकरी केली नाही तरी चालतं.

४. डुबुकवड्या. भाजलेलं खोबरं, कांदा आणि काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा करायचा. बेसनात तिखट, मीठ, ओवा आणि थोडंसंच पाणी घालून भज्यापेक्षा घट्ट भिजवायचं. रस्सा चांगला उकळत असतानाच छोटे गोळे सोडायचे. उकळी नसेल तर वड्या विरघळून रश्श्याचं पिठलं होतं. वड्या वर तरंगल्यावर आणखी ५ मिनिटं शिजवायच्या.

५. सांडग्यांची रस्साभाजी. सांडगे तेलात लालसर परतून बाजूला काढायचे. त्याच तेलात कांदा, लसूण, मसाला परतून गरम पाणी घालायचं. सांडगे टाकून १५ मिनिटं, शेवटी शेंगदाण्याचं कूट. सांडग्यांत मीठ आधीच असतं, म्हणून रश्श्यात मीठ शेवटी, चाखून.

६. वाळलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. पाला हाताने चुरून, निवडून, पाण्यात भिजवायचा. वाळवताना बसलेली धूळ तळाशी राहते, म्हणून पाला वरून उचलायचा, पाणी ओतून द्यायचं नाही. शिजलेली तूरडाळ, शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर ज्वारीचं पीठ घालून घोटायची. वरून लसणाची कडकडीत फोडणी. या पाल्याला स्वतःचाच आंबटपणा असतो, चिंच लागत नाही.

टिनचे डबे असतील तर?

मराठी घरात ‘डबा’ म्हटलं की स्टीलचा डबा डोळ्यासमोर येतो. टिनबंद छोले, राजमा, स्वीट कॉर्न, टोमॅटो प्युरी, नारळाचं दूध हे आता मोठ्या दुकानांत मिळतं, पण रोजच्या स्वयंपाकात ते कमी असतं. परदेशातल्या मराठी घरांत चित्र उलटं आहे. तिथे टिनमधले काबुली चणे आणि चिरलेले टोमॅटो स्वस्त आणि कायम हाताशी असतात.

टिनच्या अन्नाला तीनच गोष्टी लागतात. पहिली, कडधान्य चाळणीत ओतून धुवायचं, त्याने पाण्यातलं जास्तीचं मीठ निघून जातं. दुसरी, ते आधीच शिजलेलं असतं, म्हणून शिजवायचं नाही, मसाल्यात मुरवायचं. तिसरी, भाजलेली चव त्यात नसते, ती आपण द्यायची.

यासाठी आपला येसर अगदी योग्य. तेलात कांदा, लसूण परतून २ चमचे येसर भाजायचा, टोमॅटोचा डबा ओतायचा, धुतलेले चणे टाकायचे आणि १० मिनिटं उकळायचं. ४०० ग्रॅमच्या एका टिनमध्ये पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम चणे उरतात, म्हणजे दोघांचं जेवण. स्वीट कॉर्नचे दाणे जाडसर वाटून बेसनाच्या झुणक्यात घातले तर तेही छान लागतात, फक्त दाणे गोड असल्याने तिखट आणि आमचूर वाढवायचं.

उघडलेल्या टिनमध्ये अन्न ठेवू नये. उरलेलं स्टील किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं.

ताज्या भाजीशिवाय आठवडा

- सोमवार: पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा, मिरचीचं लोणचं
- मंगळवार: मटकीची उसळ, भात, तळलेली कुरडई
- बुधवार: वरणफळं (पातळ, आंबट-तिखट वरणात गव्हाच्या पोळीचे तुकडे ८-१० मिनिटं शिजवून), वर तूप
- गुरुवार: सांडग्यांची रस्साभाजी, बाजरीची भाकरी
- शुक्रवार: येसराची आमटी, भात, भाजलेला पापड, जवसाची चटणी
- शनिवार: शेंगोळे, कारळाची चटणी
- रविवार: डुबुकवड्या, भाकरी, शेवयांची खीर

मटकी मंगळवारी खायची तर रविवारी रात्री भिजवावी लागते. सोमवारी सकाळी उपसून कापडात बांधली की उन्हाळ्यात मंगळवारपर्यंत मोड येतात. डब्यांच्या स्वयंपाकात वेळ शिजवायला कमी आणि आठवण ठेवायला जास्त लागतो.

रूमवर राहणाऱ्यांनी काय ठेवावं?

सिल्लोडसारख्या तालुक्यांतून कॉलेजसाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी संभाजीनगर, पुण्याला गेलेल्या मुला-मुलींच्या बॅगेत घरून दिलेल्या चटण्या आणि मसाला असतोच. मेसचे पैसे थकले किंवा सुट्टीत मेस बंद असली की हेच कामाला येतं. एक गॅस, एक छोटा कुकर आणि एक कढई असेल तर आठ वस्तू पुरतात: तांदूळ, मूगडाळ, बेसन, शेंगदाणे, येसर किंवा काळा मसाला, लसूण, चिंच, तेल. यातून खिचडी, पिठलं, आमटी-भात आणि दाण्याची चटणी होते. तूरडाळीपेक्षा मूगडाळ घ्यावी, ती भिजवल्याशिवायही लवकर शिजते आणि गॅस वाचतो.

डाळ शिजतच नसेल तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार डाळीचं साल आणि गर मऊ होऊ देत नाहीत. अशा ठिकाणी डाळ तासभर भिजवावी आणि शिजवायला पिण्याचं पाणी वापरावं. चिंच, आमचूर, टोमॅटो डाळ शिजल्यानंतरच घालावेत, कारण आंबटामुळेही डाळ दडदडीत राहते. सोड्याची चिमूट टाकली की डाळ शिजते हे खरं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजची सवय नको.

अशा जेवणातून पोषण मिळतं का?

बऱ्यापैकी मिळतं. डाळींत १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारी-बाजरी-गव्हात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते धान्यात मिळतं. त्यामुळे पिठलं-भाकरी, वरणफळं, खिचडी या जोड्या चवीसाठी जमल्या तशाच पोषणालाही जमतात. तिळातून कॅल्शियम आणि जवसातून ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं मिळतात.

कमी पडतं ते क जीवनसत्त्व. उन्हात वाळवताना ते जवळपास निघून जातं. पालेभाजीतला अ जीवनसत्त्व देणारा घटकही उन्हात कमी होतो, म्हणून पाला सावलीत किंवा पातळ कापडाखाली वाळवणं चांगलं. ताटात लिंबाची फोड, कच्चा कांदा किंवा मोडाची मटकी असली तर क जीवनसत्त्वाची थोडी भरपाई होते.

दुसरी काळजी मिठाची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पापड, लोणचं, सांडगे, कुरडई एकाच ताटात आले तर हा आकडा सहज ओलांडला जातो. रक्तदाब असलेल्यांनी यातलं एकच निवडावं.

काय सरळ फेकून द्यायचं?

साठवणीच्या स्वयंपाकात ‘वाया कशाला घालवायचं’ हा विचार चांगला आहे, पण पुढच्या गोष्टींत तो महागात पडतो.

- बुरशी लागलेले किंवा कडवट शेंगदाणे, मका, मिरची. यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने, तळल्याने पूर्ण जात नाही. वरची बुरशी पुसून वापरायचं नाही. कूट करण्याआधी काळे, सुरकुतलेले दाणे वेचून काढावेत.
- फुगलेला, गळका टिन. आत जिवाणू वाढून वायू तयार झाल्याची ही खूण. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार अशा अन्नातून होऊ शकतो. चव घेऊनही बघू नये.
- खवट वास येणारी चटणी, खोबरं, बेसन. जवस आणि कारळाची चटणी थोडीच करावी, पंधरा दिवसांत संपेल इतकी.
- पावसाळ्यात मऊ पडलेलं वाळवण. फक्त मऊ असेल तर पुन्हा ऊन दाखवून चालतं. ठिपके किंवा कुबट वास असेल तर नाही.

कीड वेगळी. डाळीत सोंडे झाले तर चाळून, ऊन देऊन, निवडून डाळ वापरता येते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात आणि धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला हे जुने उपाय अजूनही वापरात आहेत. मात्र वापरण्याआधी डाळ नीट धुवावी.

डबेच रिकामे झाले तर?

इथे या सगळ्या पद्धतीची मर्यादा दिसते. डब्यांचा स्वयंपाक एखादा वाईट महिना निभावून नेतो. पाठोपाठ पिकं गेली तर भरायलाच काही उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ते पाहिलं. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. अमेरिकेतून आलेली ‘मिलो’ म्हणजे लाल ज्वारी रेशनवर घेऊन लोकांनी तिच्या भाकरी खाल्ल्या, कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतली माणसं आजही ताटात अन्न टाकू देत नाहीत.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा उलटं घडलं. आठवडी बाजार बंद झाले, पण तो काळ रब्बीचं धान्य घरात येण्याचा होता. शेतात पिकलेलं घरात होतं त्यांची चूल चालली. हातावर पोट असलेल्यांची आणि शहरात भाड्याने राहणाऱ्यांची मात्र तशी सोय नव्हती. डबा कोणाकडे भरलेला असतो हा प्रश्न शेवटी जमिनीचा आणि मजुरीचाही असतो.

दिवाळी २०२२ मध्ये राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला. त्यात १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल होतं. सणाच्या गोडासाठी दिलेला हा शिधा वर सांगितलेल्या पाच कामांच्या नजरेने पाहिला तर त्यात आधार आहे, तेल आहे. गिरणीतून दळून आणलेल्या त्या १ किलो डाळीच्या बेसनातून चौघांच्या घरात पाच-सहा वेळा पिठलं होतं. त्याला चव देणारा मसाला आणि चिंच तेवढी घरची लागते.

वाळवण आता पुन्हा का चर्चेत आहे?

वाळवण करायला गच्ची, वेळ आणि चार हात लागतात. फ्लॅटमध्ये तिन्ही नाहीत. त्यामुळे अनेक घरांत सांडगे, कुरडया आता बचत गटांकडून विकत येतात. एका घराचं काम दुसऱ्या घराची कमाई झालं आहे.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावरही वापरलं जातंय. एस४एस टेक्नॉलॉजीज ही महाराष्ट्रातली कंपनी शेतकरी महिलांना सौरऊर्जेवर चालणारी वाळवणी यंत्रं देते आणि वाया जाऊ शकणारा शेतमाल त्यांच्याकडून वाळवून घेते. २०२३ मध्ये या कंपनीला ‘कचरामुक्त जग’ या गटात अर्थशॉट पुरस्कार मिळाला. भाव पडला म्हणून रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आणि मिरची आपण दरवर्षी बातम्यांत पाहतो. विकला न जाणारा माल वाळवून ठेवणं हा त्यावरचा पूर्ण उपाय नाही, पण मालाला चार महिने थांबण्याची मुभा त्यातून मिळते.

घरापुरतं सुरू करायचं असेल तर सगळं एकदम करायची गरज नाही. या उन्हाळ्यात खिडकीत किंवा गच्चीवर येणाऱ्या उन्हात एक किलो मुगवड्या घाला आणि पाव किलो येसर करून ठेवा. पाऊस लागल्यावर भाजी आणायला जाता आलं नाही तर त्या संध्याकाळी काय शिजवायचं, हे ठरलेलं असेल.